‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ : खान्देशच्या आरोग्य यंत्रणेला खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी,
जळगाव, धुळे व नंदुरबार

महोदय, महोदया,

छातीत धडधड, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आणि ‘आता मी वाचत नाही’ ही खात्री. अशा अवस्थेतल्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून रात्री ग्रामीण रुग्णालयात आणतात. ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो. मग एक सलाइन, एक इंजेक्शन आणि घरी सोडताना एक वाक्य : ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. आम्ही खान्देशात समुपदेशन, परिचर्या आणि मनोविकारांच्या उपचारांचे काम करतो. हा रुग्ण आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच ईसीजी, एखादी टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी, गॅसच्या गोळ्यांची पाकिटे आणि बहुतेकदा अल्प्राझोलाम या मन शांत करणाऱ्या गोळीची अर्धी पट्टी असते. नसते ते फक्त आजाराचे नाव : चिंतेचा आजार. ते कुणी कागदावर लिहिलेलेच नसते.

पत्र दोघांना मिळून लिहिण्यामागे कारण आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये शल्यचिकित्सकांकडे येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम एका बाजूला चालतो आणि रुग्ण दुसऱ्या बाजूच्या दारात उभा असतो. चिंतेचा आजार या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडतो.

आधी त्या रात्री शरीरात काय घडते ते सांगतो, कारण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील.

बांधावर पायाशी फुरसे दिसले तर शरीर क्षणात तयार होते. ॲड्रिनलिन सुटते, ठोके वाढतात, स्नायू ताठतात, श्वास भराभर चालतो, पोटातले काम थांबते. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यात, हीच सगळी तयारी होते, फक्त पायाशी फुरसे नसते. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते, कधी बोटेही आखडतात. रुग्णाला वाटते की ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोरात श्वास ओढतो आणि त्रास आणखी वाढवून घेतो. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर त्या वेळी ९८ किंवा ९९ दिसत असते. तो आकडा परिचारिकेने बघून पुढे जाऊ नये, रुग्णाकडे वळवून दाखवावा : ‘हे बघा, ऑक्सिजन पुरेसा आहे. श्वास जास्त घेतला जातोय, कमी नाही.’ एवढ्या एका वाक्याने निम्मी भीती उतरते.

आता सलाइनबद्दल. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात आपोआप ओसरू लागतो. गाडी काढून, रस्ता तुडवून, केसपेपर करून सुई लागेपर्यंत तो उतरणीला लागलेलाच असतो. ५०० मिलीची बाटली संपते तेव्हा माणसाला हलके वाटते, आणि तो चुकीचा धडा घेऊन घरी जातो : सलाइन लागली म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला दवाखाना जवळ नाही अशा जागी जायलाच तो घाबरतो. मळ्यातला मुक्काम सुटतो, लांबची एसटी सुटते, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणे सुटते. आजार असा पसरतो. त्याला धडधड पसरवत नाही, टाळाटाळ पसरवते.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली. तपासणी एक तर अर्धी होते किंवा नको इतकी होते. प्रत्येक धडधड चिंतेचीच असते असे आम्ही अजिबात म्हणत नाही. उलट, चिंतेचा शिक्का मारण्याआधी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत आणि त्या आपल्या भागाप्रमाणे ठरल्या पाहिजेत. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचे हृदय धडधडणारच, तिला आधी लोह हवे. नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या रुग्णाची छातीतली कळ आणि धाप ‘घाबरला असेल’ म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते. वजन घटते, उकाडा सहन होत नाही, हात थरथरतात, तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करा. कपाशीच्या फवारणीच्या महिन्यांत घाम, मळमळ, लाळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ती विषबाधा आहे, आज कोणते औषध फवारले ते विचारा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेल्या माणसाची धडधड आणि चक्कर आधी पाणी-क्षारांच्या बाजूने पाहा. रोजची दारू दोन दिवसांपूर्वी अचानक सोडलेल्याची थरथर आणि घाम वेगळाच असतो, त्यात फिट येऊ शकते आणि त्याचे उपचारही वेगळे. इन्हेलरचा जास्त वापर, दिवसाला आठ-दहा कप चहा, तंबाखू, गुटखा हेही विचारायला हवे. चाळिशीपुढचा, मधुमेही किंवा बिडी ओढणारा माणूस छाती दुखते म्हणाला, तर एका नॉर्मल ईसीजीवर त्याला घरी पाठवू नये.

हे सगळे निस्तरले की पुढे सहावा ईसीजी काढू नका. ‘आणखी एकदा बघून घेऊ’ म्हटले की रुग्णाला वाटते, डॉक्टरांनाही खात्री नाही. तपासणी एकदा, नीट, पूर्ण. त्यानंतर नाव सांगायचे.

दुसरी तक्रार अल्प्राझोलामची. तिच्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचे आहे.

०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमची ही गोळी अर्ध्या-पाऊण तासात शांत करते, म्हणूनच ती घातक ठरते. काही आठवडे रोज घेतली की शरीर तिला सरावते. मग गोळी चुकली की धडधड, थरथर, घाम, झोप उडणे. रुग्णाला वाटते आजार वाढला, डॉक्टरांनाही तसेच वाटते, आणि डोस दुप्पट होतो. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. घरातल्या एखाद्याने ‘या नशेच्या गोळ्या आहेत’ म्हणून पट्टी उकिरड्यावर फेकली की नेमके तेच घडते. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, ती रात्री पडतात, मांडीचे हाड मोडते. दारूबरोबर घेतली तर श्वासच मंदावतो.

ही गोळी औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टात आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. औषध दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे असते आणि ती नोंद तीन वर्षे जपायची असते. तरीही जुन्या, मळलेल्या चिठ्ठीवर ती महिनोन्‌महिने मिळत राहते. त्यातही गोळी सुरू करताना ‘दोन आठवडे, जास्तीत जास्त चार, मग हळूहळू बंद’ असे रुग्णाला कुणी सांगत नाही. ज्यांची सवय आधीच लागली आहे त्यांची गोळी ओढून घेऊ नका. डोस थोडा थोडा, काही आठवड्यांच्या अंतराने कमी करायचा असतो. तो आराखडा चिठ्ठीवर तारखांसकट लिहून द्या.

तिसरी. जे औषध मुळात द्यायला हवे ते तालुक्याला मिळत नाही, आणि मिळाले तर समजावून दिले जात नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही चिंतेच्या आजारावरची नेहमीची औषधे. ती महाग नाहीत, त्यांची चटक लागत नाही, आणि ती लिहायला प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवा असेही नाही. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी ती सुरू करू शकतो. एस्सिटालोप्रामची सुरुवात ५ मिलिग्रॅमने करून आठवड्याने १० करता येते. चुकते ते पुढेच. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत मात्र मळमळ होते, डोके दुखते, घालमेल थोडी वाढतेही. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळी सोडतो आणि ‘मला ती सोसत नाही’ असे कायमचे ठरवतो. म्हणून औषध देताना तोंडी सांगा आणि पाकिटावर लिहा : पहिले दहा दिवस त्रास वाटेल, सोडू नका, पंधरा दिवसांनी दाखवा. बरे वाटल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवायचे असते, हेही त्याच दिवशी सांगा. सुरू करण्याआधी विचारा की पूर्वी कधी दिवसचे दिवस झोपेविना उत्साह, बडबड, पैशांची उधळण असे काही झाले होते का. तसे असेल तर तज्ज्ञांकडे पाठवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांत लवकर लवकर बोलवा आणि जीव नकोसा वाटतो का ते स्पष्ट विचारा.

चौथी. प्रश्न आहेत, पण ते आमच्या बोलीत नाहीत. चिंता मोजणारी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झाले, एवढेच विचारायचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी आणि उपचार. पाच मिनिटांचे काम. पण ‘तुम्हाला चिंताग्रस्त वाटते का?’ असे पुस्तकी मराठीत विचारले तर अमळनेरची किंवा साक्रीची बाई ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेच असेल. ती म्हणते, ‘जीव घाबरस’, ‘छातीमा धडधड व्हस’, ‘झोप येत नही’. धडगाव-अक्कलकुव्याला पावरी आणि भिल्ली वेगळी, रावेर-यावलला लेवा बोली वेगळी. प्रश्न अहिराणी, पावरी, भिल्ली आणि लेवा बोलीत तयार व्हायला हवेत. तेही मराठीवरून शब्दाला शब्द ठेवून नकोत. त्या बोलीतल्या दोन माणसांनी वेगवेगळे भाषांतर करावे, तिसऱ्याने ते उलट मराठीत आणावे, जिथे अर्थ हलला तो प्रश्न पुन्हा बांधावा आणि मग गावातल्या आठ-दहा जणांना वाचून दाखवावा. प्रश्न तोंडी विचारायचे, कागद हातात द्यायचा नाही.

भगताकडे गेलेल्या माणसाला झिडकारू नका. तो तिथे जातो, कारण तिथे त्याचे म्हणणे त्याच्या भाषेत, बसून ऐकले जाते. त्याला एवढेच सांगा की तिकडे गेलास तरी गोळी बंद करू नको.

पाचवी, अंतर आणि आडोसा. तज्ज्ञ तालुक्याला ठरावीक वारी येत असतील तर तो वार बाहेरच्या फलकावर हवा. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला जाऊन परत यायचे म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. त्या दिवशी ‘डॉक्टर आज नाहीत’ ऐकून परतलेला माणूस पुन्हा येत नाही. खोलीवर ‘मनोविकार’ असा मोठा फलक लावून तिच्यासमोरच औषधाची रांग लावली तरीही तो येत नाही, कारण रांगेत त्याच्या गावचे चार जण असतात. गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. दार बंद होईल अशी एक खोली आणि तिला साधा क्रमांक, एवढ्याने भागते.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. खान्देशातल्या माणसाची प्रत्येक काळजी आजार नसते. मे-जूनच्या वादळात केळीची बाग आडवी झाली, कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, पीककर्जाची मुदत आली, मुलीचा ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागायचा आहे, अशा वेळी झोप उडणारच. त्या माणसाला पंचनामा, विमा आणि भरपाई वेळेवर हवी. समुपदेशन हा भरपाईला पर्याय होऊ शकत नाही, तसा तो करूही नये. आजार कधी म्हणायचा? सहा महिने बहुतेक दिवस, आवरता न येणारी, कारण मिटले तरी न मिटणारी आणि शेतकाम, घर, शाळा थांबवणारी काळजी असेल तेव्हा. किंवा पॅनिक अटॅक पुन्हा पुन्हा येत असतील आणि ‘परत येईल’ या धास्तीने महिनाभर वागणेच बदलले असेल तेव्हा. मात्र जीव द्यावासा वाटतो म्हणणाऱ्याच्या बाबतीत कसली मुदत बघायची नाही. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत पोचवा आणि घरातली फवारणीची औषधे दुसरीकडे कुलपात ठेवायला नातेवाइकांना सांगा.

गोळीखेरीज जे करायचे ते वीस मिनिटांत शिकवता येते आणि ते समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका, समुपदेशक कुणीही शिकवू शकतात. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, पोट हलले पाहिजे, पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, बरे असतानाच सराव. अटॅक आल्यावर पहिल्यांदाच करायला गेले तर जमत नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते धोक्याचे आहे.

पण श्वास हा आधार आहे, खरा उपचार टाळलेल्या गोष्टीकडे परत जाणे हा आहे. त्याची पायरी-पायरी रुग्णाबरोबर बसून लिहायची. एसटीची भीती असेल तर पहिले चार दिवस फक्त स्टँडवर अर्धा तास बसायचे. मग उभ्या गाडीत चढून बसायचे आणि सुटण्याआधी उतरायचे. मग सोबत माणूस घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत, तेच अंतर एकट्याने, शेवटी चोपड्याहून जळगाव. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्याने उतरेपर्यंत थांबायचे. भीती शिगेला असताना उतरलो तर मेंदू पुन्हा तेच शिकतो : उतरलो म्हणून वाचलो. खिशातली ‘लागली तर असू दे’ म्हणून ठेवलेली गोळी, पाण्याची बाटली, दर दहा मिनिटांनी नाडी मोजणे हे सगळे शेवटच्या पायऱ्यांवर सुटले पाहिजे, नाहीतर सुधारणेचे श्रेय त्या गोळीला जाते. नेमके हेच बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि म्हणून रुग्ण अर्धा बरा होऊन अडकतो.

आम्ही मनोरुग्णालय मागत नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत आणि चिंतेच्या रुग्णाला त्यांपैकी कुठेही जायची गरज नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये लिहिले आहे की ही सेवा राहत्या जागेजवळ मिळावी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, ती सर्वसाधारण आरोग्य सेवेतच सामावलेली असावी आणि अत्यावश्यक यादीतली औषधे सरकारी दवाखान्यांत सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर मोफत मिळावीत. आम्ही त्याचीच अंमलबजावणी मागतो :

१. धडधड, धाप किंवा घाबरल्याची तक्रार घेऊन आलेल्या ज्या रुग्णाच्या तपासण्या नॉर्मल आल्या, त्याला घरी सोडण्याआधी जीएडी-७ चे सात प्रश्न विचारावेत आणि गुण केसपेपरवर लिहावेत. ‘काही नाही’ हे निदान लिहिणे बंद करावे.

२. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिनचा साठा कायम असावा. स्थिरावलेल्या रुग्णाला एका वेळी महिन्याचे औषध मिळावे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारच्या मजुरांना दोन महिन्यांचे औषध मिळावे आणि सोबत औषधाचे नाव, डोस, सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद.

३. अल्प्राझोलामच्या विक्रीच्या नोंदवह्या अन्न व औषध प्रशासनाने तालुकानिहाय तपासाव्यात, यासाठी आपण लेखी मागणी करावी. आपल्या रुग्णालयांतल्या चिठ्ठ्याही तपासाव्यात.

४. चारही बोलींतले प्रश्न आणि श्वासाच्या सूचना ध्वनिमुद्रित करून आशाताईंच्या मोबाईलवर द्याव्यात.

५. वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी आणि रात्रपाळीच्या परिचारिका यांना प्रशिक्षण द्यावे. रात्रपाळी हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण हा रुग्ण रात्री येतो.

६. तज्ज्ञांचा वार, वेळ आणि खोली क्रमांक फलकावर लिहावा. तज्ज्ञ येणार नसतील तर आदल्या दिवशी आशाताईंमार्फत कळवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच फलकावर असावा, चोवीस तास चालणारा आहे हेही तिथे लिहावे.

पहिल्या आणि सहाव्या मागणीला एक रुपया लागत नाही. त्या कपाशीची वेचणी सुरू होण्याआधी अमलात याव्यात. बोलींतल्या भाषांतराचे काम आणि तालुक्याला दोन दिवसांचे प्रशिक्षण आम्ही मानधन न घेता करू. तारीख आणि जागा आपण कळवावी.

आपले,
खान्देशात मानसिक आरोग्याचे काम करणारे समुपदेशक, परिचारिका आणि डॉक्टर